पालथ्या होड्यांचा किनारा

कॅरिबियन समुद्रात बेटांची जी लांबलचक माळ आहे, तिच्यातल्या एका बेटावर, वारा जिकडून येतो त्या अंगाला, आन्स-मोरेल नावाचे गाव आहे. डोंगर थेट पाण्यापर्यंत उतरलेला. त्याच्या पायाशी पिवळ्या, निळ्या, डाळिंबी रंगांची लाकडी घरे आणि त्यांच्यापुढे अर्धचंद्रासारखी काळसर वाळू. एरवी या वाळूवर होड्या सरळ उभ्या असतात. पण जूनच्या सुरुवातीला एक दिवस असा येतो की गावातल्या झाडून सगळ्या होड्या पालथ्या घातलेल्या दिसतात. त्यांची रंगवलेली पोटे आभाळाकडे असतात. दुपारचे जेवण आटोपले की गाव किनाऱ्यावर येते. कोळी, कोळिणी, शाळेतल्या बाई, पाववाला, चर्चचे पाद्री, सगळे येतात आणि हातात लाकडी मोगऱ्या घेऊन त्या होड्या वाजवू लागतात.

पाहायला आलेल्या पाहुण्याला तिथे फार वेळ नुसते पाहू देत नाहीत. कोणी तरी त्याच्या हातात मोगरी ठेवते आणि म्हणते, "वाजवा. दमलात तर शेजारच्याला द्या, पण मध्ये थांबू नका."

हे सगळे कशासाठी, असे विचारले की लोक बदामाच्या झाडाकडे बोट दाखवतात. तिथे थिओफिल नावाचा म्हातारा जुन्या शिडांना ठिगळे लावत बसलेला असतो. गाव त्याला पापा थिओ म्हणते. तो आधी विचारणाऱ्याला शेजारी बसवून घेतो, सुई शिडात खोचून ठेवतो आणि सांगू लागतो. तो सांगतो ती हकीकत अशी.

बेटावरची गुलामगिरी उठून फार वर्षे झाली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट आहे म्हणे. आन्स-मोरेलमध्ये झेलिन नावाची एक बाई राहत होती. तिचा बाप होड्या कोरणारा. जंगलातले एकच जाडजूड खोड घ्यायचे, आतून पोखरायचे आणि त्याची होडी करायची, ही त्याची विद्या. मुलगा ओक्ताव मासेमारीत रमला. मुलगी मात्र बापाच्या मागे मागे हिंडून वाकस चालवायला शिकली. लाकूड तासण्याचे ते आखूड दांड्याचे हत्यार तिच्या हातात असे बसले की बाप गेल्यावर गावाच्या होड्या तीच दुरुस्त करू लागली.

पण झेलिनच्या पायाला भिंगरी होती. बाजारात उभी राहिली तरी तिची नजर माणसांच्या डोक्यांवरून समुद्राकडे जाई. जेवताना ती उभ्याने जेवे. चर्चमध्ये तिच्या शेजारी बसायला कोणी तयार नसे, कारण तिचे पाय बाकाखाली सारखे हलत आणि पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या वैतागत. वारा पडला की ती घरातल्या घरात येरझाऱ्या घाली. वारा सुटला की दारात येऊन उभी राही, जणू कोणी हाक मारली आहे.

या तगमगीला कारण होते. तिची आई सिडोनी या बेटाची नव्हती. उत्तरेकडच्या दुसऱ्या एका बेटावरून, लहान वयात, तिला विकून इकडे आणले होते. ज्या दिवशी तिला गलबतात चढवले त्या दिवशी समुद्र खवळलेला होता. धाकटी बहीण नानेत धक्क्यावर उभी राहून ओरडत होती. गलबत लाटांच्या आड गेले आणि तिकडे बातमी पसरली की ते बुडाले. सिडोनीला हे पुष्कळ वर्षांनी एका खलाशाकडून कळले. तेव्हापासून तिला एकच खंत लागली. ती मरणाच्या अंथरुणावर होती, तेव्हा तिने झेलिनचा हात धरला.

"मी बुडाले नाही," ती म्हणाली. "मी जगले, मला दोन लेकरं झाली. एवढं माझ्या बहिणीला कळू दे."

"मी जाईन," झेलिन म्हणाली. "मी स्वतः जाऊन सांगेन."

आईला माती दिल्यावर त्या मातीवर हात ठेवून तिने तेच पुन्हा म्हटले. म्हणजे ते आता नुसते बोलणे राहिले नाही, ती शपथ झाली.

पण जायचे कसे? दोन्ही बेटांच्या मधला समुद्र वाईट. दोन प्रवाह तिथे एकमेकांवर आपटतात. गावचा कोणताही कोळी तिकडे होडी घालायला तयार होईना. मग झेलिनने ठरवले की आपली होडी आपणच करायची, आणि अशी करायची की ती त्या पाण्यातून पार होईल. डोंगरात हिंडून तिने एक खोड हेरले. ते तोडून खाली आणायला ओक्तावची मदत लागणार होती. ती त्याच्याकडे गेली.

ओक्ताव जाळे विणत होता. त्याने मान वर केली नाही. "आई गेली," तो म्हणाला. "मावशीसुद्धा केव्हाच गेली असेल. तू तिथं जाऊन सांगणार कुणाला?"

"कुणी नसलं तर तिथल्या वाळूला सांगेन."

"आणि मी? मी इथं कुणाच्या तोंडाकडे बघायचं?"

झेलिन तशीच मागे फिरली. त्या दिवसापासून बहीणभाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. दोघांची घरे एकाच कुंपणाला लागून. ती सकाळी दार उघडी तेव्हा तो दार लावून समुद्रावर निघालेला असे. एकाच विहिरीवर दोघे पाणी भरत, पण आळीपाळीने.

शेवटी वरच्या गावातल्या लाकूडतोड्यांनी ते खोड दोर लावून, गाणी म्हणत, खाली ओढून आणले. त्याच्या बदल्यात झेलिनने त्यांच्या चर्चसाठी एक लाकडी दरवाजा कोरून दिला. मग ती त्या खोडावर बसली आणि तासायला लागली. आज, उद्या, पावसाळा, उन्हाळा. लोकांच्या होड्या दुरुस्त करून जो वेळ उरे, तो सगळा तिथे. गाव आधी हसले. बाईमाणसाची होडी कुठे समुद्रात जाते का, म्हणाले. मग हसून हसून कंटाळले आणि त्या टकटकीची सगळ्यांना सवय झाली. होडी मात्र अशी उतरली की पाहणाऱ्याने पाहत राहावे. लांब, निमुळती, अंगाने पातळ. खोड पोखरून झाल्यावर तिने त्यात पाणी भरले, तापवलेले दगड टाकले आणि लाकूड नरम करून दोन्ही बाजू हव्या तेवढ्या फाकवल्या. आता फक्त वरच्या कडेच्या फळ्या आणि शीड बाकी होते. झेलिनला रात्रीची झोप येईनाशी झाली.

आता इथे गावच्या ढोलाबद्दल सांगायला हवे. आन्स-मोरेलच्या किनाऱ्यापुढे समुद्रात खडकांची रांग आहे. तिच्यात एकच खिंडार आहे आणि होड्यांना घरी यायची वाट तेवढीच. स्वच्छ दिवशी ती वाट दिसते. पण उन्हाळा सरताना पूर्वेकडून समुद्रावरून लाल धूळ उडत येते, तिच्यात कधी कधी धुके मिसळते, आणि मग हाताला हात दिसत नाही. म्हातारी माणसे त्या धुळीला पाहून म्हणत, "जुना देश उडत आला." त्यांचे आजे-पणजे आफ्रिकेतून आणलेले, म्हणून तसे म्हणत. अशा दिवशी बासील नावाचा वयस्क ढोलकरी किनाऱ्यावर बसे आणि घरचा ठोका वाजवी. दोन खोल ठोके, मग थोडी उसंत, मग एक. हाच ठोका, याच चालीने, शेवटची होडी येईपर्यंत. ठोका सारखा असला तरच बाहेरच्या माणसाला कळते की आपण जवळ येतो आहोत की लांब जातो आहोत. त्यात घाई झाली, ढिलाई झाली, की होडी खडकावर गेलीच.

झेलिनने लहानपणी तो शिकायचा प्रयत्न केला होता. बासीलने तिला थोडा वेळ वाजवू दिले आणि ढोल काढून घेतला. "पोरी, तुझे हात पळतात," तो म्हणाला होता. "या ठोक्यावर माणसं घरी येतात. तू आपली नाचायला जा."

त्या सुमारास बेटावर एक नवा न्यायाधीश आला. रविवारी संध्याकाळी गावोगाव ढोल वाजत, लोक नाचत, गाणी रचून म्हणत. त्या गाण्यांत मळेवाल्यांची टिंगल असे. न्यायाधीशाला ते खपेना. त्याने हुकूम काढला की यापुढे बेटावर ढोल वाजवायचा नाही आणि घरात ठेवायचासुद्धा नाही. शिपाई आन्स-मोरेलला आले, घराघरांतून ढोल काढले आणि वाळूवर ढीग करून पेटवून दिले. बासील आपला ढोल मिठीत धरून बसला. तो ओढताना त्याचे मनगट मोडले. जळत्या कातड्याचा वास कितीतरी दिवस गावात राहिला, असे सांगतात.

लोक गप्प झाले. पण पोट गप्प बसत नाही, म्हणून होड्या समुद्रावर जातच राहिल्या. जो तो आभाळाकडे बघत बाहेर पडे आणि लवकर परते.

जूनच्या सुरुवातीचा दिवस. पहाटे आभाळ धुतल्यासारखे स्वच्छ होते. गावच्या सगळ्या होड्या बाहेर गेल्या. ओक्तावही गेला. वाळूवर फक्त झेलिनची होडी उरली. ती कडेची पहिली फळी बसवत होती. उन्हे वर आली आणि तिला उजेड वेगळा वाटला. वाकसाच्या पात्यावर तांब्यासारखी झळाळी दिसू लागली. तिने मागे वळून पाहिले तर पूर्वेकडचा समुद्र नाहीसा झाला होता. धूळ आली होती, आणि तिच्या पोटात ओले, दाट धुके होते. बघता बघता खडकांची रांग गेली, मग लाटा गेल्या, मग पाण्याची कडसुद्धा दिसेना. नुसता आवाज राहिला.

बायका घरांतून धावत आल्या. कोणी शंख फुंकला. पण शंखाचा आवाज डोंगरावर आपटून चहूकडून परत येई. तो कुठून येतो, हे किनाऱ्यावरच्यांनाच कळेना, तर समुद्रावरच्यांना काय कळणार? कोणी पिंप आणून बडवले. त्याचा आवाज लाटांच्या फेसाच्या पुढे गेला नाही. विस्तव पेटवला, तो दहा पावलांवरून दिसेना. एक तरुण बाई, पोटुशी, पाण्यात कमरेपर्यंत शिरून नवऱ्याच्या नावाने हाका मारू लागली. दोघींनी तिला ओढून मागे आणले.

बासील आला. मोडके मनगट त्याने फडक्याने गळ्यात बांधले होते. तो चालत चालत झेलिनच्या होडीपाशी आला आणि चांगल्या हाताची बोटे तिच्या अंगावरून फिरवली.

"कोरडी आहे?" त्याने विचारले.

"कोरडी आहे."

"तळ?"

"पातळ आहे, पापा बासील. फार पातळ ठेवलाय मी. तिकडच्या पाण्यासाठी."

"म्हणजे ठोकली तर फुटेल."

"फुटेल," झेलिन म्हणाली.

बासीलने होडीवरचा हात काढून घेतला. बायका झेलिनकडे बघतही नव्हत्या, आपापल्या पायांकडे बघत होत्या. तिला वाटले, यांनी होडी मागावी तरी. मागितली असती तर तिला नाही म्हणता आले असते. ज्या बायका तिला हसल्या होत्या, त्याच समोर उभ्या होत्या. आणि बाहेर त्या लाल अंधारात तो भाऊ होता, ज्याने एका झाडासाठी खांदा लावला नव्हता. आईचा हात तिला आपल्या मनगटावर लागत होता. ती होडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली, पुन्हा परत आली, पुन्हा गेली. मग वाकली आणि होडीखाली खांदा घातला.

"बघता काय?" ती ओरडली. "उचला!"

सगळ्या बायका तुटून पडल्या. होडी पालथी झाली.

वाजवायला दुसरे कोणीही बसू शकले असते. पण कुठे लाकूड जाड आहे, कुठे पातळ, कुठे ठोकले की खोल आवाज निघेल, हे एकट्या झेलिनला ठाऊक होते. तिने मोगरी घेतली आणि पहिला ठोका मारला. तो आवाज कोणी आधी ऐकला नव्हता. ढोलापेक्षा खोल आणि रुंद. पायाखालची वाळू हलली म्हणतात. दोन ठोके, उसंत, एक. दोन ठोके, उसंत, एक.

थोड्याच वेळात तिचे हात पळू लागले. धुक्यात काही दिसते का म्हणून ती मान उंचावी, पाय पाण्याकडे ओढ घेत, आणि ठोका घाईचा होई. बासील तिच्या मागे गुडघ्यांवर बसला. त्याने आपला चांगला तळहात तिच्या पाठीवर ठेवला आणि तिथे चाल धरली.

"बघू नकोस," तो म्हणाला. "बघायचं त्यांनी आहे. तू नुसती इथं अस."

जन्मभर जिला एका जागी राहवले नाही, ती त्या दिवशी एका जागी राहिली. घाम डोळ्यांत गेला, तो पुसला नाही. दर ठोक्याला तिला वाटे, उठावे, पळावे, पाण्यात शिरावे, काही तरी करावे. दर ठोक्याला ती राहिली.

पहिली होडी धुक्यातून अशी निघाली की कोणाला ती येताना दिसलीच नाही, एकदम वाळूवर तिचे नाक आले. त्या पोटुश्या बाईचा नवरा तिच्यात होता. मग दुसरी आली, मग जोडीने दोन आल्या. त्याच वेळी झेलिनला मोगरीखाली चुरचुर ऐकू आली. तळावर केसासारखी चीर पडली होती. तिने हात जरा बाजूला सरकवला आणि वाजवत राहिली. चीर वाढत गेली. आवाज बसू लागला.

आलेले कोळी दमलेले होते, त्यांच्या हातांची सालटे निघाली होती. तरी ते घरी गेले नाहीत. त्यांनी आपल्या होड्या झेलिनच्या होडीशेजारी पालथ्या घातल्या आणि तिच्याकडे बघत तोच ठोका उचलला. जो येई तो आपली होडी पालथी घाली. ज्या बायकांची माणसे परत आली होती, त्यांनी ज्यांची आली नव्हती त्यांच्या हातातून मोगऱ्या घेतल्या आणि त्यांना घटकाभर बसवले. आवाज असा वाढला की धुके फाटेल असे वाटावे. शेवटी सगळे आले, एकटा ओक्ताव सोडून.

झेलिनची होडी आता टोकापासून टोकापर्यंत दुभंगली होती. तिच्यातून बद्द आवाज येत होता. कोणी तरी म्हणाले, "झेलिन, आता तू उठ. आम्ही वाजवतो."

"तो येईपर्यंत नाही," ती म्हणाली.

दिवस कलला तेव्हा तो आला. त्याचे शीड फाटले होते आणि घसा पार बसला होता. तेव्हा लोकांना कळले की खिंडारापाशी शिरताना प्रत्येकाला जो ओरडण्याचा आवाज आला होता, "इकडून, इकडून," तो त्याचा होता. तो सगळ्यांच्या आधी खडकांपर्यंत पोहोचला होता. आणि तिथेच एका खडकाला होडी टेकवून, लाटांचा मार खात, इतरांना आत धाडत राहिला होता.

झेलिन तशीच मोगरी हातात घेऊन उभी होती. "आधी आत का नाही आलास?" तिने विचारले. कित्येक दिवसांनी ती त्याच्याशी बोलत होती.

"बासील ढोल वाजवायचा तेव्हा मला धाकधूक असायची, हा म्हातारा दमेल," ओक्ताव घोगऱ्या आवाजात म्हणाला. "आज ठोका ऐकला, मधेच जरासा पळाला, आणि मला कळलं की तू आहेस. मग मी निवांत राहिलो. तू काही थांबणार नव्हतीस."

मग त्याची नजर दुभंगलेल्या होडीवर गेली. तो तिच्यापाशी बसला आणि चिरेवरून बोट फिरवत राहिला.

दुसऱ्या दिवशी शिपाई आले. आन्स-मोरेलमध्ये ढोल वाजल्याचे शेजारच्या मळ्यात ऐकू गेले होते. बायका म्हणाल्या, "शोधा की." शिपायांनी घरे शोधली, माळे शोधले, चर्चच्या वेदीमागेही पाहिले. वाळूवर पालथ्या होड्यांची रांग होती, तिच्याशी टेकून त्यांनी शहाळ्याचे पाणी प्यायले आणि परत गेले.

त्यानंतर ओक्तावने कुऱ्हाड उचलली आणि तो डोंगरात गेला. झाड त्याने निवडले, पहिला घावही त्यानेच घातला. खाली ओढायला अख्खे गाव गेले. जे काम एकटीने करायला झेलिनला कित्येक उन्हाळे लागले होते, ते या वेळी लवकर उरकले, कारण हात पुष्कळ होते. मग होडी रंगवायची वेळ आली. गावातल्या प्रत्येक घराला तिच्यावर वीतभर जागा दिली. कोणी मासा काढला, कोणी पाव, कोणी आपले दार, कोणी आपला मेलेला कुत्रा. ज्यांना काहीच काढता येत नव्हते, त्यांनी नुसते रंगाचे पट्टे ओढले. बासीलने तळहात लाल रंगात बुडवून नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकावर, टेकवला. अशी रंगीत होडी त्या बेटावर तोवर झाली नव्हती. आज पाहुणे जी रंगवलेली होड्यांची पोटे पाहून थांबतात, त्या कलेची सुरुवात तिथून झाली म्हणे.

एका स्वच्छ सकाळी झेलिन निघाली. ओक्तावने सोबत यायची तयारी केली होती, आपली शिदोरीही बांधली होती. तिने ती त्याच्या हातात परत दिली.

"तू इथं राहा," ती म्हणाली. "परत येणाऱ्याला किनाऱ्यावर कुणी तरी लागतं."

"आणि धूळ आली तर?"

"तर वाजव. मी वाटेत असेन."

ती होडीत बसली नाही, उभीच राहिली. उभ्यानेच वल्हे मारत ती खिंडारातून बाहेर पडली. लोक ओरडत होते, गात होते. होडीवरचे रंग किती तरी वेळ दिसत राहिले.

ती तिकडे पोहोचली की नाही, हे कोणालाच माहीत नाही. काही लोक सांगतात, ती पोहोचली, मावशीला भेटली, तिथेच राहिली. काही म्हणतात, त्या दोन प्रवाहांनी तिला नेले. पापा थिओला दोन्ही सांगणे आवडत नाही. तो म्हणतो, "ती गेली एवढं आम्हाला ठाऊक आहे. ती कुठं थांबली हे नाही."

ओक्ताव वाट पाहत राहिला. धूळ आली की तो आपली होडी पालथी घाली आणि वाजवत बसे, समुद्रावर गावची एकही होडी नसली तरी. पुढे बंदी उठली, गावात ढोल पुन्हा आले. तो होडीच वाजवत राहिला. हळूहळू त्याच्या सोबतीला लोक येऊन बसू लागले, आणि पुढे जूनमधला तो दिवस अख्ख्या गावाचा झाला. बाहेरचे कोणीही किनाऱ्याला लागले, खलाशी असो, फेरीवाला असो, की तो त्याच्याजवळ जाई, त्याला पाणी देई आणि विचारी, "वाटेत कुणी भेटलं का?"

तो फार म्हातारा झाला तेव्हा एका व्यापाऱ्याला त्याची दया आली. तो म्हणाला, "हो बाबा, भेटली. उत्तरेकडच्या धक्क्यावर एक बाई होती. तिनं तुमची चौकशी केली."

ओक्तावचे डोळे चमकले. "काय करत होती?"

"स्वस्थ बसली होती," व्यापारी म्हणाला. "अगदी शांत. घराच्या पायरीवर."

ओक्ताव हसला. इतका हसला की त्याला ठसका लागला. "मग ती आमची नव्हे," तो म्हणाला. त्याने त्या व्यापाऱ्याला जेवायला घातले, मासे बांधून दिले आणि खिंडारापर्यंत पोहोचवून आला. मग परत येऊन होडीपाशी बसला.

आजही आन्स-मोरेलमध्ये परका माणूस आला, मग तो बोटीने येवो की विमानतळावरून बसने, त्याला नाव, गाव, कामधंदा असले काही आधी विचारत नाहीत. त्याला पाणी देतात आणि विचारतात, "वाटेत कुणी भेटलं का?" पाहुणे गोंधळतात. काही जण विमानात शेजारी बसलेल्या माणसाचे नाव सांगतात. लोक तेही नीट ऐकून घेतात. त्यांना दिलासा द्यायला खोटे मात्र सांगू नये. नसेल कोणी भेटले तर नाही म्हणावे. मग ते वाईट वाटून न घेता मान हलवतात, सरकून जागा करून देतात, आणि ताट मागवतात. जेवण होईपर्यंत समुद्रावर कोणी येताना दिसले, तर ते बोटाने दाखवायचे काम तुमचे.